पहिले दळण दगडाचे

चक्कीतात्या समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलत नसत. ते त्याच्या हातातल्या पाटीकडे बघत. माणूस कुणीही असो, तात्यांच्या लेखी तो कुठल्यातरी दळणाबरोबर आलेला असायचा. पाटीतले दोन दाणे उचलून दाताखाली फोडायचे आणि त्या पाटीलाच सांगायचे, "ज्वारी ओलसर हाय. दोन उन्हं दाखवून आण." मी लग्न होऊन गावात आले तेव्हा पहिले दोन-तीन महिने मला वाटायचे, ह्या माणसाला माझा चेहराही माहीत नसेल. ज्वारी मात्र माहीत होती. एकदा सासूबाईंनी दळण पाठवले आणि मी गेले नाही, तर तात्यांनी निरोप दिला, "सूनबाईनं निवडल्याली न्हाय ही. खडं हायत."

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, बारामतीत आमचा पिठांचा आणि मसाल्यांचा गृहउद्योग आहे तिथल्या बायकांच्या पाळ्यांची. आणखी एक यादी आहे, ती मी कुणाला दाखवत नाही. तीस वर्षे तिच्यात एकच नाव होते, नाना सरपंचांचे. मागच्या महिन्यात ते खोडले. ते कसे खोडले हे सांगायचे तर आधी तात्या सांगायला हवेत, आणि तात्या सांगायचे तर चक्की.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या काठाला. गावाशेजारी कालवा एकदम दोन पुरुष खाली उतरतो. त्या उतारावर जुन्या काळी कुणीतरी दगडी खोली बांधून पाणचक्की बसवलेली. वरच्या अंगाला कालव्यातून एक चर काढलेला. चराच्या तोंडाशी लाकडी फळी. फळी उचलली की पाणी उतरत्या दगडी नळीतून धावत यायचे आणि खोलीच्या पोटात आडव्या बसवलेल्या चाकाच्या पात्यांवर आदळायचे. चाकातून उभा लोखंडी कणा वर आलेला. तो खालच्या दगडातून आरपार जाऊन वरच्या दगडाला फिरवायचा. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. मधल्या भोकात दाणे पडायचे आणि कडेने पीठ बाहेर यायचे. दाण्यांच्या पेटीला एक लाकडाची टिपरी बांधलेली. ती फिरत्या दगडावर टकटक उडायची आणि तिच्या धक्क्याने पेटीतून थोडेथोडे दाणे सांडायचे. दगड जोरात फिरला तर टिपरी जोरात उडायची, दाणे जास्त पडायचे. मंद फिरला तर कमी. कुणी लक्ष द्यायची गरज नाही. तात्या म्हणायचे, "ही टिपरी गावातली सगळ्यात शहाणी बाई हाय. लागंल तेवढंच बोलती."

गावात विजेची गिरणी होती, पण वीज असेल तेव्हा. शिवाय तिचे पीठ हाताला चटका देत बाहेर यायचे. तात्यांचे पीठ गार. त्या पिठाची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची, त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरे तात्यांकडेच यायची. अडचण एकच. चक्की कालव्याला पाणी असेल तेव्हाच चाले. आवर्तन सुटल्याची बातमी आली की पाणी गावात पोचायच्या आधी कट्ट्यावर पाट्यांची रांग लागलेली असायची.

त्या रांगेचा नियम तात्यांनी घालून दिलेला. बाळंतिणीच्या आणि आजाऱ्याच्या घरचे दळण आधी. मग लांबून चालत आलेल्यांचे. मग गावातले, आल्या क्रमाने. ह्यात मोठा-लहान, जातपात काही नाही. कुणी वशिला लावला की तात्या पाटीला विचारायचे, "काय गं, तू बाळंतीण हायस का?" रांग वाढायला लागली तेव्हा त्यांनी माझ्यापुढे खडू धरला. "सूनबाई, तू बारावी झालीस म्हणं. दारावर नावं लिही. माझ्या डोस्क्यात समदं पीठ गेलंय." चक्कीच्या दारावर लिहिलेली ती माझी पहिली यादी. आज मी चाळीस बायकांची कामे लावते, पण दळण आणलेल्या पन्नास माणसांना गप्प बसवणारी यादी तीच होती.

तात्यांना राग यायचा आणि तो टिकायचा. शेजारच्या किसनाने एकदा त्यांच्या सायकलची हवा सोडली, तर पुढची चार वर्षे तात्या त्याच्याशी बोलले नाहीत. पण किसनाचे दळण इतरांसारखेच व्हायचे. तसेच मऊ, तसेच पुरते. फक्त पाठ करून द्यायचे. मी विचारले, "तात्या, त्याचं जरा जाडं दळलं असतं तर कळलं असतं की त्याला." तात्यांनी अंगठ्यावर पीठ चोळून बघितले. ते पीठ असे अंगठ्यानेच तपासत. त्यांच्या अंगठ्याचे टोक चकचकीत गुळगुळीत झाले होते. म्हणाले, "राग माणसावर काढावा. पिठावर काढायचा न्हाय. पीठ त्याची पोरं खात्यात."

हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. पुढे ते मोडले, तेही लिहून ठेवले आहे.

दगड झिजले की त्यांना टाकी लावावी लागते. म्हणजे वरचा दगड पहारीने उलथून त्याच्यावर छिन्नीने नव्या चऱ्या पाडायच्या. मधून कडेकडे जाणाऱ्या. तात्या हे काम स्वतः करत. दोन दिवस चक्की बंद, आणि तात्यांच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. मग तिसऱ्या दिवशी माणसाचे दळण घ्यायचे नाही. आधी कोंडा घालून दगड फिरवायचे, दोन-तीनदा. नव्या चऱ्यांमधली कच त्या कोंड्याबरोबर निघून जायची आणि तो कोंडा जनावरांनाही न देता तात्या उकिरड्यावर टाकायचे. "पयलं दळण दगडाचं असतं," ते म्हणायचे. "माणसाचं न्हाय."

नाना सरपंचांच्या मुलीचा साखरपुडा होता, त्याच्या आदल्या दिवशी हेच चालले होते. टाकी लावून झाली होती. कोंडा संपला म्हणून तात्या सायकलवरून शेजारच्या गावच्या डाळ गिरणीतून तो आणायला निघालेले. मी ज्वारीची पाटी ठेवून नाव लिहायला आले होते. नानांची जीप आली. मागे अर्धे पोते गहू.

"तात्या, उचल फळी. पुरणपोळीचं दळण हाय."

तात्या पोत्याकडे बघत म्हणाले, "आज न्हाय, नाना. काल टाकी लावलीया. पयलं दळण दगडाचं असतं, माणसाचं न्हाय. सांजच्याला पाठवा."

"सांजच्याला पीठ घेऊन पुरण कधी घालायचं? पाव्हणं सकाळी येणार हायत."

"मग गिरणीत न्या."

"गिरणीच्या पिठाच्या पोळ्या पाव्हण्यांना वाढू? तुझ्या चक्कीचं नाव ऐकून येणारी माणसं हायत ती."

"म्हणूनच म्हणतोय न्हाय."

तात्या सायकलवर बसून गेले. ते वळणाआड होईपर्यंत नाना उभे राहिले. मग त्यांनी स्वतः चराशी जाऊन फळी उचलली. जीपमधून आलेल्या त्यांच्या माणसाने पोते पेटीत ओतले. दगड फिरायला लागला. नानांनी माझ्याकडे बघितले. "तू काय बघतीस गं? जा घरला." मी गेले. वीस वर्षांची होते, सहा महिन्यांची सून. हे कारण आहे. सबब म्हणून मी ते वापरत नाही.

संध्याकाळी परत गेले तेव्हा तात्या चराशी उकिडवे बसले होते. पेटी रिकामी झाल्यावरही नानांच्या माणसाने फळी पाडली नव्हती. तासभर दगडावर दगड फिरला होता. दोन दिवसांच्या चऱ्या गुळगुळीत. तात्या तसेच सायकल मारत नानांच्या बंगल्यावर गेले, पीठ वापरू नका म्हणून सांगायला. त्यांना फाटकावरूनच परतवून लावले.

दुसऱ्या दिवशी पंगतीत पहिल्याच घासाला कच लागली. सोयऱ्यांनी पोळ्या बाजूला ठेवल्या. साखरपुडा झाला, पण मुलाकडच्या म्हाताऱ्याने उठताना म्हटलेले वाक्य गावभर फिरले, "नानांच्या घरी दगड सुद्धा गोड करून वाढत्यात."

ह्याचा जाब कुणाला तरी विचारायलाच हवा होता. चक्कीची जागा ग्रामपंचायतीची, तात्या ती चालवायला घेत. तिसऱ्या दिवशी देवळासमोर गावसभा बसली. बायका मागच्या ओट्यावर. नाना म्हणाले, "ह्या माणसानं पिठात कच घालून गावाची अब्रू घालवली."

तात्या म्हणाले, "घातली न्हाय. दगडातच व्हती. म्या तुमाला सांगितलं व्हतं, आज न्हाय म्हणून."

"कुणाला सांगितलंस? मला कुणी काय सांगितलं न्हाय. हाय का कुणी ऐकल्यालं?"

तेव्हा तात्यांनी मान वर केली आणि ओट्याकडे बघितले. पाट्यांकडे, डब्यांकडे बघणाऱ्या ह्या माणसाने त्या दिवशी सरळ माझ्या तोंडाकडे बघितले. माझ्या पुढे दोन हातांवर सासरे बसले होते. त्यांनीही मागे वळून बघितले. आमचा ऊस रानात उभा होता आणि तोडीची टोळी नानांच्या शब्दावर हलायची. सासऱ्यांनी फक्त डोळे बारीक केले. मी मान खाली घातली.

ठराव झाला. चक्कीला कुलूप लागले. पुढे कुणी तात्यांना चक्कीतात्या म्हणाले नाही. पोरेटोरे सुद्धा कचतात्या म्हणायला लागली. मीठ जरा भरड लागले तरी लोक म्हणायचे, "कचतात्याकडनं आणलं काय?" आयुष्यभर लोकांचे पीठ अंगठ्यावर चोळून दिलेल्या माणसाला हे नाव. वर्षभरात तात्या गाव सोडून भिगवणला मुलीकडे गेले.

मी त्यांना भेटायला एकदाच गेले. मासळीच्या आडतीवर बर्फ फोडायचे काम करत होते. छिन्नी तीच, दगडाची. मी म्हटले, "तात्या, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी बर्फाची लादी फिरवून घेतली. "व्हय," म्हणाले. "पायजे व्हतं."

बस. जाऊ दे म्हणाले नाहीत, तुझा काय दोष म्हणाले नाहीत. चहा पाजला. निघताना जुनी, आखूड झालेली एक छिन्नी माझ्या पिशवीत टाकली. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. ती छिन्नी माझ्या टेबलावर आहे; मी तिने पोत्यांची शिवण उसवते. आमच्याकडे रांगेचा नियम तोच आहे आणि गिरणीचे दगड बदलले की पहिले दळण कोंड्याचेच. नव्या बायका विचारतात, इतका कोंडा वाया का घालवायचा. मी सांगते, ही तात्यांची गिरणी आहे.

मागच्या महिन्यात नानांचा मुलगा प्रशांत कार्यालयात आला. चांगला मुलगा, नम्र. कालव्याच्या काठी त्याने पर्यटन केंद्र काढले आहे. हुरडा, बैलगाडी, चुलीवरचे जेवण. ग्रामपंचायतीकडून जुनी चक्की चालवायला घेऊन दुरुस्त केलेली. नवे चाक, नवा कणा, नवी फळी.

"काकू, जुनी माणसं म्हणतात तुम्हाला चक्कीतलं सगळं माहीत आहे. काय करायचं, काय नाही, जरा यादी करून द्याल?"

मला यादी मागणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. कागद घेतला. चरातला गाळ रोज काढणे. फळी एकदम न उचलता टप्प्याने उचलणे. कण्याच्या बुडाला वंगण. टिपरीची दोरी ढिली न ठेवणे. पेटी रिकामी होण्याआधी पाणी तोडणे. लिहिता लिहिता विचारले, "दगडांना टाकी?"

"कालच लावली. कारागीर आणून."

"आणि दळायला कधी सुरुवात?"

"रविवारी, उद्घाटनालाच. पुण्याहून पाहुणे येणार आहेत. नाना फळी उचलणार, मी दळणार, आणि त्याच पिठाच्या गरम भाकऱ्या वाढायच्या."

माझे पेन अकराव्या मुद्द्यावर थांबले. बारावा मला तोंडपाठ होता. मी विचारले, "चक्कीवर पाटी लावणार असाल ना? तिच्यावर कुणाचं नाव?"

"नानांचं. त्यांनीच सांभाळली ना चक्की."

"आणि तात्यांचं?"

"कोण?" तो हसला. "तो कचवाला का?"

मी अकराव्या मुद्द्याखाली रेघ मारली, सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. चक्रावून किंवा रागाच्या भरात केले असे नाही. नीट विचार केला. कच खाऊन माणूस मरत नाही, घास फक्त थांबतो. आयुष्यात मी जाणूनबुजून अपुरी दिलेली यादी ही एकच.

रविवारी मी लवकर जाऊन मांडवात नानांच्या समोरची खुर्ची धरली. नाना आता थकले आहेत, काठी लागते. त्यांनी फळी उचलली, टाळ्या पडल्या, सगळ्यांनी मोबाइल वर धरले. टिपरी टकटक करायला लागली. तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकला आणि क्षणभर वाटले, उठावे आणि सांगावे. उठले नाही. पीठ बायकांकडे गेले, भाकऱ्या थापल्या गेल्या, वांग्याची भाजी, ठेचा, ताक. पंगत बसली.

पहिला घास पडला तो मी बघितला नाही, ऐकला. चाळीस माणसांची तोंडे एकदम थांबली. एक बाई रुमाल तोंडाशी धरून म्हणाल्या, "अहो, पिठात वाळू आहे का?" एकाने मोबाइलवर बोलायलाच सुरुवात केली, "मित्रांनो, ही बघा पारंपरिक चक्कीची भाकरी." कुणीतरी चढ्या आवाजात विचारले, "दळलं कोणी हे?"

"मी," प्रशांत म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. त्याने स्वतः घास घेऊन बघितला आणि गिळताही येईना. "धान्य दोनदा निवडलं होतं, दगडांना टाकीसुद्धा नवी लावली होती. शपथ."

तेव्हा नाना काठीवर जोर देऊन उभे राहिले. पोराला असे उभे राहिलेले बघवले नसावे त्यांना. म्हणाले, "आवो, ऐका. ह्यात पोराचा दोष न्हाय. दगडाला नवी टाकी लावली की पयल्या दळणात कच येतीच. पयलं दळण दगडाचं असतं, माणसाचं न्हाय. कोंडा घालून काढावी लागती. चक्कीवाल्याचा दोष नसतो त्यात."

अक्षर न अक्षर तेच. मला एवढे मिळेल असे वाटले नव्हते. मी फक्त त्यांच्या दाताखाली कच घालायला गेले होते.

मी उभी राहिले. "नाना, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितले, ओळखले नाही. मी सासऱ्यांचे नाव सांगितले. "त्यांची सून. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ज्वारीची पाटी घेऊन चक्कीवर उभी होते. तुम्ही मला घरी जा म्हणालात."

मांडवात आमच्या गावची पाच-सात म्हातारी माणसे होती. किसनाही होता. पुण्याच्या लोकांना काही कळले नाही, ह्यांना कळले. त्यांनी ताटातले हात काढून घेतले.

"कुणी सांगितलं, नाना?"

"आता जुन्या गोष्टी कशाला..."

"पहिलं दळण दगडाचं असतं, हे कुणी सांगितलं?"

नानांनी प्रशांतकडे बघितले. प्रशांत त्यांच्याकडेच बघत होता.

"तात्यानं," नाना म्हणाले.

"कधी?"

"साखरपुड्याच्या आदल्या दिशी."

"मोठ्यानं सांगा, मागं ऐकू जात नाही."

त्यांनी मोठ्याने सांगितले. किसना, ज्याच्याशी तात्या चार वर्षे बोलले नव्हते, तो उठला आणि ताट न शिवता मांडवाबाहेर गेला. बाकीचे एकेक करून त्याच्यामागे. नाना खाली बसले. मी माझी भाकरी संपवली, कचेसकट.

निघताना प्रशांत गाडीपर्यंत आला. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग यादीत..."

"लिहिलं नाही."

मी चक्कीकडे परत वळले. चक्कीच्या खोलीत त्याने माझी यादी चौकटीत घालून टांगली होती. मी ती उतरवून घेतली, काच काढली, आणि अकराव्याखाली लिहिले: बारा. टाकी लावल्यावर पहिले दळण दगडाचे, माणसाचे नाही. कोंडा घालून दगड धुवावेत. सांगणारे, चक्कीतात्या. मग त्याला म्हटले, "ही परत टांग. आणि पाटी बदल."

पाटी बदलली आहे. परवा जाऊन बघून आले.

तात्यांना हे पटले नसते. राग पिठावर काढायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि त्या भाकऱ्या चाळीस अनोळखी माणसांनी खाल्ल्या ज्यांचा काही दोष नव्हता. ते पाठ करून उभे राहिले असते, कदाचित चार वर्षे. चालेल मला. देवळासमोर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर माझ्याकडून राहिले होते. राहिलेले काम मला चालत नाही.